वाकसाचा आवाज

सालूने आपल्या घराचा होमस्टे केला, तेव्हा ओटीवरची भिंत त्याने जुन्या वस्तूंनी सजवली. फाटकं जाळं, एक वल्हं, काच तडकलेला कंदील, आणि या सगळ्यांच्या मधोमध पितळी खिळ्यांवर पापाचा वाकस. वाकस म्हणजे सुताराचं तासायचं हत्यार. दांडा कुऱ्हाडीसारखा, पण पातं कुदळीसारखं आडवं आणि आतल्या बाजूला वळलेलं. लाकडाच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभं राहायचं आणि घाव आपल्याच पायांकडे ओढायचा. सालूने त्याच्या दांड्याला वॉर्निश फासलं आहे आणि वर एक पिवळा बल्ब लावला आहे.

मी मे महिन्यात कुडाळहून चार दिवस सालूकडे, माझ्या धाकट्या भावाकडे, जाते. या खेपेला पुण्याहून आलेली एक मुलगी तिथे उतरली होती. माय नेहमीसारखी ओटीवरच्या खुर्चीत बसली होती. मुलगी तिला म्हणाली, "आजी, हे जरा हातात धरा ना. फोटो खूप छान येईल."

सालूने वाकस काढून मायच्या मांडीवर ठेवला. मायने तो धरला. एक हात दांड्याच्या टोकाशी, दुसरा पात्याखाली, आणि अंगठा आपसूक धारेवरून फिरला. "बोथट," ती एवढंच म्हणाली. मुलीला ते फार आवडलं. फोटो काढता काढता ती सालूला विचारत होती आणि सालू शुद्ध मराठीत सांगत होता, "आमचे वडील या भागातले नावाजलेले कारागीर. होड्या घडवायचे. आई कायम त्यांच्या बाजूला बसलेली असायची. दोघं जोडीनं काम करायचे."

यात खोटं काही नव्हतं. सालू तेव्हा फार लहान होता आणि त्याला एवढंच आठवतं. माझ्या नाकात मात्र वॉर्निशच्या वासाखालून दुसरा एक वास वर यायला लागला. फणसाच्या ओल्या लाकडाचा, किंचित आंबूस.

घराच्या मागे, खाडीच्या बाजूला आमचा मांगर होता. चार खांब, वर झावळांचं छप्पर, तिन्ही बाजू उघड्या. त्याची जमीन मी कधी पाहिलीच नाही. कायम ढलप्यांचा थर, पायाखाली मऊ आणि उबदार. फणसाच्या ढलप्या हळदीसारख्या पिवळ्या असत, उंडीच्या तांबूस. शाळेतून आल्यावर मी टोपलीभर गोळा करून चुलीशी नेऊन ठेवी. मे महिन्यात होड्या खाडीतून वर ओढल्या जात. त्यांच्या पोटांना मुशी माशाचं तेल लागे, डांबराचं पिंप धुमसत असे, आणि त्या वासाने आमचं जेवण, आमची अंथरुणं, चर्चला जायचे आमचे कपडेसुद्धा भरून जात. पापाला सगळे इनास मेस्त, म्हणजे इनास सुतार, म्हणत. लोक म्हणत, इनास मेस्ताची पोरं अंधारातही ओळखू येतात.

नव्या होडीचं लाकूड पहिल्यांदा मांडलं जाई तेव्हा पाद्री येऊन मंतरलेलं पाणी शिंपडून जायचा. पाद्री गेला की होडीचा मालक त्याच लाकडावर नारळ फोडायचा. मेणबत्तीचा वास आणि उदबत्तीचा वास एकत्र यायचा. आम्हा मुलांना उकडलेले चणे आणि खोबऱ्याचा तुकडा, दोन्ही मिळे. संध्याकाळी तेर्साला, म्हणजे घरच्या जपमाळेला, पापा गुडघ्यांवर बसून प्रार्थना सांगायचा. त्याचा आवाज इतका गोड होता की शेजारच्या बायका आपलं काम थांबवून ऐकत.

पण त्या घराचा खरा आवाज वाकसाचा. पापाचा घाव लाकडात शिरताना 'ठक' असा एक भरीव आवाज यायचा आणि त्याच्यामागून 'सर्र' अशी ढलपी सुटायची. ठक सर्र, ठक सर्र. मी त्या आवाजावर जागी होत असे. दुपारी त्याच आवाजावर मला झोप लागे. लाकडाला रेषा असतात. त्या रेषांच्या कलाने घाव घातला तर लाकूड स्वतःहून सुटतं, उलट घातला तर फाटतं. पापाच्या हातून लाकूड फाटलेलं मला आठवत नाही.

त्याच्यासाठी लाकूड धरून बसायचं काम मायचं. वाकडा ओंडका घरंगळू नये म्हणून ती त्याच्या दुसऱ्या टोकाला बसून दोन्ही तळव्यांनी दाबून धरायची. पापा घाव घालत घालत तिच्याकडे सरकायचा. शेवटी पातं तिच्या बोटांच्या इतकं जवळ यायचं की मी डोळे मिटून घेई.

"हललंस तर बोटां जातली," तो म्हणायचा. त्या वेळी तो हसत असे. तिथे तासायचं काही उरलेलं नसे. ते टोक केव्हाच साफ झालेलं असायचं. तरी तो आणखी दोन-चार घाव घालायचा, ठक, ठक, तिच्या नखांसमोर, आणि तिचा चेहरा बघायचा. ती त्याच्याकडे बघत नसे. ती पात्याकडे बघत असे. एकदा डाव्या करंगळीचं नख गेलं. तिने ओंडका सोडला नाही. घाव संपल्यावर उठून आत गेली, चुलीतली राख लावली आणि भात उतरवला.

लाकूड थोडं हललं तर तो ढलपी उचलून तिच्या पाठीवर फेकायचा, न बघता, जसा एखादा कावळ्याला खडा मारतो तसा. होडीमालक बसलेले असले तर तेही हसायचे. माय चहा आणून द्यायची.

एका वर्षी परसात वालीचे वेल आले होते आणि त्यांना खुंट्या हव्या होत्या. पापा बाजारात गेला होता. मायने मांगरातून वाकस घेतला आणि बांबूच्या खुंट्यांना टोकं काढायला बसली. मी तिच्या शेजारी होते. ती काहीतरी गुणगुणत होती. ती गुणगुणते हे मला तेव्हाच पहिल्यांदा कळलं. पापा कधी मागे येऊन उभा राहिला ते आम्हा दोघींना समजलं नाही.

"दी हय," तो म्हणाला. तिने वाकस त्याच्या हातात दिला. त्याने तो उलटा धरला आणि दांड्याने तिच्या मनगटावर एकदाच मारलं.

"बायलेन हत्याराक हात लावूचो नाय. माझ्या घरात नाय."

हाड मोडलं होतं. ते तसंच सांधलं, थोडं वाकडं. अजूनही तिचं उजवं मनगट बाहेरच्या बाजूला झुकलेलं आहे. त्या मुलीच्या फोटोत ते दिसेल.

मग एका उन्हाळ्यात पापा मांगरातच पडला. ढलप्यांवर पडल्यामुळे लागलं काही नाही, पण उजवं अंग लुळं झालं आणि वाचा गेली. गोड आवाजाच्या त्या माणसाच्या घशातून आता फक्त घोगरं, ओलं असं काहीतरी येई. त्याची खाट मागच्या खोलीत, खिडकीशी टाकली. पडल्या पडल्या त्याला खिडकीतून मांगराचा एक खांब दिसायचा. अर्ध्यावर राहिलेल्या होड्या मालकांनी दुसऱ्या मेस्ताकडे नेल्या. माय बाजारात सुकी मासळी घेऊन बसू लागली.

तिने त्याचं सगळं नीट केलं. रोज अंग पुसायची, कूस बदलायची, पेज गाळून चमच्याने भरवायची. त्याच्या पाठीला कधी जखम झाली नाही. पाद्री घरी येऊन म्हणाला, अशी बाईल मिळायला पुण्य लागतं. पापा तेव्हा छताकडे बघत होता.

मांगरात उंडीचा एक ओंडका होता. मुळातच वाकलेला, होडीच्या बरगडीसाठी जणू झाडानेच घडवलेला. पापा दरवर्षी तो बाहेर काढायचा, त्याच्यावरून हात फिरवायचा आणि परत ठेवायचा. त्याच्या लायकीची होडी अजून कोणी सांगितली नाही, असं म्हणायचा. एके सकाळी पापाला पेज भरवून झाल्यावर मायने ताट धुतलं, पदर खोचला आणि मांगरात गेली. तिने उंडीचा ओंडका ओढून मधे घेतला. मग वाकस उचलला.

पहिला घाव पडला तेव्हा मी घरात होते. तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. 'खट्ट' झालं आणि त्यामागून कापड टराटरा फाडावं तसं काहीतरी. ती रेषेच्या उलट घाव घालत होती.

मागच्या खोलीतून पापाचा आवाज आला. मी धावत गेले. त्याचे डोळे खिडकीकडे होते आणि डावा हात खाटेच्या कडेवर आपटत होता. पुन्हा 'खट्ट'. त्याची मान ताठ झाली. गालांवरून पाणी उशीवर येत होतं.

मी मांगरात गेले आणि सांगितलं, "माय, पापा रडता."

"रडांदे," ती म्हणाली. घाव थांबला नाही.

मग ते रोजचं झालं. पेज, ताट, पदर, मांगर. त्यानंतर पाऊस सुरू झाला आणि झावळांवरून पाणी ठिबकत असताना ती आत उभी राहून त्या सुंदर लाकडाच्या चिंध्या करत होती. कधी कधी ती दोन-तीन घाव सरळ घालायची. ठक सर्र, ठक सर्र. पापाचा हात खाटेवर स्थिरावायचा, श्वास खाली बसायचा. आणि मग 'खट्ट'. तो असा दचकायचा की खाट हलायची. मी खिडकीपाशी अभ्यास करत बसलेली असे आणि दोन्हीकडे बघत असे. तिचा चेहरा अगदी शांत असायचा, भाजी चिरताना असतो तसा. इतका नेमका चुकीचा घाव घालायचा तर बरोबर घाव कुठे पडतो ते आधी ठाऊक असावं लागतं, हे मला पुष्कळ दिवसांनी समजलं. इतकी वर्षं ती ओंडक्याच्या दुसऱ्या टोकाला बसून ते पातंच तर बघत होती.

शेजाऱ्यांना वाटे, बिचारी सरपण फोडते आहे.

उंडी संपली. तिच्या ढलप्या, ढलप्या कसल्या, चिरफाळ्या, मी टोपलीत भरल्या. नारळी पौर्णिमा होऊन गेली, पाऊस उघडला, खाडीचं गढूळ पाणी निवळू लागलं. मायने फणसाची एक वाकडी फांदी मधे घेतली. त्या सकाळी मी कान दाबूनच बसले होते. पण आवाज आला तो 'ठक'. आणि 'सर्र'. पुन्हा ठक. पुन्हा सर्र. मी 'खट्ट'ची वाट बघत राहिले. तो आलाच नाही. पूर्ण सकाळ आला नाही.

पापा पहिल्या दिवशी भिंतीकडे तोंड करून पडला होता. चुकीच्या घावांनी तो रडायचा, पण त्या रडण्यात एक मालकी होती. आपलं लाकूड कोणी अडाणी नासवतं आहे, असं ते रडणं होतं. या घावांपुढे त्याच्याजवळ रडणंही उरलं नाही. कारण घाव चांगले होते. मी लहान होते, तरी मला कळत होतं की ते फार चांगले होते. वाकड्या मनगटामुळे तिचा घाव थोडा तिरका पडायचा आणि त्या तिरकेपणामुळे ढलपी लांब, पातळ, कागदासारखी सुटायची. पापाची कधी तशी सुटली नव्हती.

पण माणसाचं मन कसं असतं. दिवस गेले तसा तो इकडे वळला. मग ऐकू लागला. मग एके दिवशी मी पाहिलं, डाव्या हाताचं एक बोट खाटेच्या लाकडावर तिच्या घावाबरोबर हलकेच आपटत होतं. ती थांबली की ते थांबायचं. ती सुरू झाली की सुरू व्हायचं. तो पेज जास्त खाऊ लागला. ती भरवताना तो तिच्या तोंडाकडे बघू लागला, सालू बघायचा तसा.

माझ्या लहानपणातले सर्वांत सुखाचे दिवस कुठले असं कोणी विचारलं, तर मी तेच सांगेन. परसात ऊन, खाडीवरून येणारा वारा, ढलप्यांचा आंबूस वास घरभर. सालू ढलप्यांच्या होड्या करून पन्हळीत सोडायचा. घरात कोणी कोणाला मारत नव्हतं. मला वाटलं, संपलं सगळं. आता हे असंच राहणार.

त्याच सुमाराला देवगडचा विठू तांडेल आला. पापाने त्याच्या दोन होड्या घडवल्या होत्या. तो खाडीच्या बाजूने आला, त्यामुळे त्याने आधी आवाज ऐकला. आंगणातूनच ओरडला, "इनासा, उठलंस काय रे? तुझो हात मी मैलावरसून वळखलंय."

मांगरात त्याला माय दिसली. मग जवळ जाऊन त्याने फणसाच्या फांदीतून घडलेल्या बरगडीवरून तळवा फिरवला. आतल्या खोलीत येऊन पापाच्या खाटेशी बसला आणि मोठ्याने, बहिऱ्याशी बोलावं तसं म्हणाला, "मेस्ता, वहिनीक बरी तयार केलंस. हुबेहूब तुझो हात."

माय दारात उभी होती. केसांत भुसा, हातात वाकस. पापाने तिच्याकडे पाहिलं. मग विठू तांडेलाकडे पाहिलं. आणि आपला डावा हात उचलून स्वतःच्या छातीवर थोपटला. एकदा, दोनदा. घशातून आवाजही काढला. मी, मी शिकवलं, असं त्याला म्हणायचं होतं. त्याचा वाकडा झालेला चेहरा आनंदाने उजळला होता.

"वहिनी, ही बरगडी माका होयी," तांडेल म्हणाला. "माझ्या नव्या होडयेक बसतली."

"बघया," माय म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माय बरगडी उचलून घरात घेऊन आली. जड होती, पण तिने कोणाला हात लावू दिला नाही. तिने ती पापाच्या कुशीशी आडवी ठेवली आणि त्याचा डावा हात धरून तिच्यावर ठेवला. पापा ती चाचपू लागला. टोकापासून, सावकाश, डोळे मिटून. वाकणावर त्याची बोटं थांबली, मागे गेली, परत पुढे आली. त्याला खोट सापडत नव्हती. तो हसला. डोळे उघडून त्याने मायकडे पाहिलं आणि पुष्कळ कष्टाने एक शब्द काढला. तो "बरा" असा ऐकू आला. त्या घरात मायच्या कुठल्याही कामाला हा शब्द लागलेला मी तरी ऐकला नव्हता.

माय त्याचं चाचपणं पूर्ण होईपर्यंत थांबली. मग बरगडी उचलून ती बाहेर घेऊन गेली. खिडकीसमोर, जिथून त्याला दिसेल अशा जागी, तिने ती मातीवर टाकली. कोपऱ्यातली कुऱ्हाड आणली आणि फोडायला सुरुवात केली.

पापाने आवाज केला नाही. हात आपटला नाही. त्याचा हात अजून तसाच होता, बरगडी कुशीत असताना होता तसा, किंचित वाकलेला.

त्या लाकडावर त्या दिवशीची पेज शिजली. लाकूड ओलं होतं, धूर खूप झाला. तिने पेज गाळली, निववली, चमच्याने त्याला भरवली. तोंड पुसलं. त्याने सगळी खाल्ली.

मग तिने वाकसाला तेल लावून तो आढ्याला टांगला आणि पुन्हा कधी उतरवला नाही. तांडेल परत आला. इतर दोघे-तिघेही विचारायला आले. नवा मेस्त मिळत नाही, वहिनी, निदान डागडुजी तरी कर. ती म्हणायची, "माका खंय येता ता?"

पापा त्यानंतर बरेच पावसाळे जगला. रोज सकाळी पेज झाली की त्याचे डोळे खिडकीकडे जात आणि डावं बोट खाटेच्या कडेवर येऊन टेकून राही. माय त्याच खिडकीसमोर आंगण झाडायची, मासळी वाळत घालायची, कोंबड्यांना दाणे टाकायची. तो ऐकत राहायचा. खराट्याचा आवाज, कोंबड्यांचा, खाडीवरच्या बगळ्यांचा. जेवणवेळ झाली की बोट हळूच मागे घ्यायचा. चुकीच्या घावांसाठीसुद्धा तो आसुसला असेल असं मला कधी कधी वाटायचं. थंडीच्या दिवसांत तो गेला. पेटी मालवणहून आणली. पाद्रीने मायच्या सेवेबद्दल चर्चमध्ये सर्वांसमोर दोन शब्द सांगितले आणि बायका रडल्या. झावळी बदलायला कोणी नव्हतं म्हणून मांगर बसला. होड्या फायबरच्या झाल्या. मांगराच्या जागी आता सालूच्या दोन एसी खोल्या आहेत.

परवा पाहुणी मंडळी डॉल्फिन बघायला गेली होती. सालू त्यांच्याबरोबर गेला होता. मी आणि माय मागच्या पडवीत कोकमासाठी रातांबे फोडत बसलो होतो. तिची बोटं लालभडक झाली होती. तिला आता कमी ऐकू येतं, म्हणून मला जरा मोठ्यानेच विचारावं लागलं. इतक्या वर्षांत मी विचारलं नव्हतं.

"माय, तेव्हा तुझो हात किती बरो बसलेलो. मगे सोडलंस कित्याक?"

 मला वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून मी पुन्हा विचारणार होते. तिने हातातला रातांबा दाबून फोडला, बिया एका भांड्यात टाकल्या, साल दुसऱ्या भांड्यात टाकलं.

"त्याका बरा वाटूक लागला होता," ती म्हणाली, आणि पुढचा रातांबा उचलला.